हातभर पंगत

पिक्चर बंडल होता, हे आधीच सांगून टाकतो. उगं शेवटपर्यंत ताणून धरायची मला सवय नाही. ‘जावई खविसाचा’ ज्यांनी पाहिलाय त्यांनी हा दुसरा बघू नये, आणि ज्यांनी पहिला पाहिला नाही त्यांनी तर मुळीच बघू नये. लातुरात तो शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. तरी मी आणि माझी मोठी बहीण शांतम्मा, आम्ही दोघं चार तास एसटीत आपटत नांदेडला गेलो आणि तो बघून आलो. शहाणी माणसं असं करत नसतात. आम्ही का केलं ते सांगतो.

मी माणिकप्पा. लातूरच्या एका टॉकीजात एकवीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालकाची पोरं अजून आहेत, खामखा कटकट नको. तशी ती टॉकीज आता टॉकीज राहिलीच नाही. तिचे कोचिंग क्लासेस झालेत. खुर्च्या त्याच, उतार तोच, फक्त पडद्याच्या जागी पांढरा फळा आला. बाल्कनीत पूर्वी नवी जोडपी बसायची, तिथं आता बारावी रिपीट करणाऱ्या पोरी बसतात. एका वेळी साडेतीनशे पोरं. पूर्वी हाऊसफुल्लचा बोर्ड वर्षातनं चार-पाचदा निघायचा, आता रोजच हाऊसफुल्ल, आणि एक माणूस हसेल तर शपथ. सरांनी विनोद केला तर पोरं तोसुद्धा वहीत उतरून घेतात. मी तिथंच शिपाई आहे. सहाला कुलूप काढायचं, माईक लावायचा, सरांचा तो डबीएवढा प्रोजेक्टर चालू करायचा. बटण दाबलं की झालं. ह्याला कुणी ऑपरेटर म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

अक्का माझ्याकडंच असते, भूकंपापासून. मी एकटा, ती एकटी. ती क्लासच्या पोरींची मेस चालवते. तीसेक डबे जातात, आणि दहा-बारा पोरी घरी येऊन जेवतात. अक्काची एकच खोड आहे. दुसऱ्यांदा वाढताना ती विचारत नाही. पोरगी ताटावर आडवा हात धरते, तर ही हात बाजूला करून वाढते. “आमाला झोप येती हो अक्का, मग अभ्यास होत न्हाई,” असं पोरी म्हणतात. अक्का ऐकत नाही. मी एकदा म्हणालो, असं वाढत बसलीस तर मेस बुडंल. ती म्हणाली, “बुडू दे.”

अक्काचं सासर किल्लारीपासून दोन कोसांवर. ते गाव आता नव्या जागेवर आहे, रांगेनं मांडलेल्या सिमेंटच्या खोल्या आणि मधे नको तेवढे रुंद रस्ते. जुनं गाव दगडमातीचं होतं. भिंती दोन-दोन हात रुंद आणि वर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर आणखी एक थर टाकायचे. किती पिढ्या टाकत आले होते कुणास ठाऊक.

त्या जुन्या गावात ब्याण्णव साली ‘जावई खविसाचा’चं शूटिंग झालं. दोनच दिवस, पण गाव तेवढ्यावर वर्षभर बोलत होतं. पिक्चरची गोष्ट साधीच. एका गरीब पोराला सोयरीक जमत नसते, तो चुकून खविसाच्या पोरीशी लगीन लावतो, आणि मग तो सासरा हुंड्यासारखा पाठीमागं लागतो. सासरा कुणाला दिसत नाही, आणि खादाड असा की बघायला नको. गावात लग्नाची पंगत बसलेली आहे, खवीस अदृश्य होऊन पानापानावरची बुंदी उचलतोय, माणसं एकमेकांवर आळ घेतायत, असा तो सीन. पंगतीला सगळं गाव बसवलं होतं. बुंदी खरीखुरी, तीही दोन दिवस.

त्या पंगतीत अक्काची मंजू होती. मंजुश्री, आठ वर्षांची. खविसाचं सोंग घेतलेला नट जवळ आला की बाकीची पोरं रडायची, ही हसायची. म्हणून दिग्दर्शकानं तिला पुढं बसवली. खवीस कुणालाच दिसत नाही, फक्त एका पोरीला दिसतो. ती त्याच्याकडं बघून हसते आणि आपल्या पत्रावळीवरची बुंदी त्याच्यापुढं सरकवते. बस, एवढंच. पण एवढ्यासाठी अख्ख्या गावानं तिला महिनाभर हिरॉईन म्हणून चिडवलं. तिलाही ते आवडायचं.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात पिक्चर आमच्या टॉकीजला लागला आणि लातूर वेडं झालं. रेणापूर, औसा, निलंगा, कुठून कुठून ट्रॅक्टर भरून माणसं यायला लागली. मालक म्हणाले, माणिकप्पा, चाराचे पाच खेळ करा. पिक्चर पावणेतीन तासांचा, पाच खेळ बसवू कुठं? मग कापायचं. तेव्हा सगळेच ऑपरेटर कापायचे, त्यात कुणाला काही वाटत नसायचं. एखादं गाणं काढायचं, एखादी रडारड काढायची. कापलेला तुकडा गुंडाळून डब्यात ठेवायचा आणि प्रिंट पुढच्या गावाला जायच्या आधी जागच्या जागी जोडून द्यायचा. जागा सापडावी म्हणून मी कापायच्या अगदी आधीच्या चित्रावर, कोपऱ्यात, टाचणीनं एक फुली मारायचो. ती माझी खूण. दुसऱ्या कुणाची तशी नव्हती.

मी दोन गाणी आणि पंगत कापली. पंगत चार मिनिटांची होती आणि तेवढ्या वेळात माणसं बिडी ओढायला बाहेर जायची, हे मी केबिनच्या भोकातून आठवडाभर बघत होतो. भाची त्यात आहे हे मला ठाऊक होतं, का ठाऊक नसंल? मनात म्हणलं, अक्काचं गाव येईल त्या दिवशी परत जोडू. दहा मिनिटांचं काम.

पण गाव काय तार करून येतंय का? मिरगाच्या आधी एका दुपारी चारच्या खेळाला तीन ट्रॅक्टर एकदम दारात. अक्का, दाजी, मंजू, सरपंच, पाटलाची म्हातारी, सगळे. रीळ मशीनवर चढलेलं, बाहेर धक्काबुक्की, मालक खालून बोंबलतायत, चालू करा. जोडायचं तर खेळ दहा मिनिटं थांबवावा लागला असता. मी थांबवला नाही. खरं सांगू? थांबवता आला असता. मालकाच्या चार शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच.

खेळ सुटल्यावर गाव माझ्याभोवती गोळा झालं. आमी नुसतं बसताना दिसलाव, फुडं कुठं गेलाव? आमची पंगत कुठं गेली? अक्का नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, “कंपनीनं कापली. पुण्या-मुंबईला आख्खं दाखवतेत, आपल्याकडं तोडून पाठवतेत.” लोकांना लगेच पटलं. आपल्याकडं सगळंच तोडून येतं, मग पिक्चर कशाला अख्खा येईल? सरपंचानं कंपनीला एक शिवी दिली आणि माणसं ट्रॅक्टरकडं वळली.

मंजू मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं जिना चढून केबिनमध्ये आली. दारात उभी राहून म्हणाली, “मामा, मी कुठाय?” रडत नव्हती, नुसतं विचारत होती. मला राहवलं नाही. डब्यातला गुंडाळा काढला, तिचं तोंड जिथं होतं तिथनं हातभर पट्टी कापली आणि तिच्या हातात दिली. उजेडाकडं धरून बघ म्हणालो. तिनं खिडकीकडं धरली. हातभर पट्टीत चोवीस चित्रं बसतात, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. ती खालून वर बघत गेली आणि म्हणाली, “मामा, हितं लई मंजू हायत!”

मी म्हणालो, “कुणाला दाखवू नको. कुणाला दिसलीच तर मामानं दिली म्हणू नको, माझी नोकरी जाईल. सापडली म्हणायचं.” तिनं गळ्याची चिमटी धरली, “गळ्याशप्पत” म्हणाली आणि पट्टी झग्याच्या खिशात घालून खाली पळाली. ह्या बाबतीत पोरगी पक्की होती.

पुढं प्रिंट धर्माबादला गेली. मी गाणी जोडली, पंगत जोडली नाही. हातभर कमी पडत होतं, आता काय जोडायचं, असं म्हणून आळस केला. आमची झाडूवाली भामाबाई उरलेला गुंडाळा हातात धरून विचारत होती, हे ठेवू का फेकू. मीच फेक म्हणालो.

सप्टेंबरच्या तीस तारखेला पहाटे भूकंप झाला. दाजी आणि मंजू माळवदाखाली गेले. अक्का वाचली ती एका दाढेमुळं. आदल्या दिवशी दाढ काढायला ती लातूरला माझ्याकडं आली होती, तोंडात कापूस घेऊन झोपली होती. मी तिला घेऊन गावाला गेलो. काय पाहिलं ते सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. परत येताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली. “दाढ ठेवली असती तर बरं झालं असतं.”

मंजूचा फोटो नव्हता. शाळेत एक काढला होता म्हणे, तो शाळेसकट गेला. पहिल्या वर्षी अक्का कधीकधी मला विचारायची, “माणिक, तिचं नाक कसं होतं रे? माझ्यासारखं का दाजींसारखं?” मी सांगायचो, तुझ्यासारखं. पुढं पुढं विचारायची बंद झाली. पण पंगतीचं ती विसरली नव्हती. ते कंपनीकडं आहे, कंपनीनं कापलंय, असं ती धरून बसली होती. माझंच वाक्य. मी कंपनीला दोन पत्रं टाकली, दुसरी प्रिंट कुठं मिळंल का म्हणून. उत्तर नाही. नंतर कळलं की पिक्चर काढणाऱ्या दोन भावांचं कोर्टात लागलंय आणि पिक्चर कुलपात पडलाय. टीव्हीवर नाही, सीडीवर नाही, कुठंच नाही. मला तेव्हा बरंच वाटलं. आता कुणी काही विचारणार नाही असं वाटलं.

सोळा वर्षं अशी गेली. लातूर क्लासेसनी भरलं, रस्त्यावर जिकडं तिकडं पाठीवर दप्तर लावलेली दुसऱ्या गावची पोरं. अक्का रोज दीडशे चपात्या लाटते. मी कुलूप काढतो आणि लावतो.

यंदा मार्चमध्ये जळकोटची भार्गवी म्हणून एक पोरगी आमच्याकडं जेवायला बसली होती, पेपर ताटाशेजारी ठेवून. ती म्हणाली, “अक्का, तुमचा तो भुताचा पिक्चर परत यायलाय. जावई खविसाचा दोन.” आणि खालची ओळ वाचली. त्यात लिहिलं होतं, सोबत पहा पहिल्या भागातली कधीही न दाखवलेली पंगत!

अक्काचं लाटणं थांबलं. तव्यावरची चपाती करपली. इतक्या वर्षांत अक्काची चपाती करपलेली मी पाहिली नव्हती. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “बघ. जपून ठेवली होती कंपनीनं. तू म्हणला होतास ना, त्यांनीच कापली. मोठी माणसं कापलेलं फेकून देत नसतेत.”

मी हां म्हणालो.

मनात म्हणलं, असंल बाबा. मी कापली ती आमची प्रिंट. पुण्याच्या प्रिंटमध्ये पंगत होतीच की, मुंबईच्याही होती. त्यातली एखादी निघाली असंल. निघू दे. एकदा अक्कानं मंजूला पाहिलं की मग मी सांगून टाकीन, त्या दिवशी कंपनीनं नाही, मी कापली होती. मंजू समोर दिसल्यावर अक्का मला काय बोलायचं ते बोलंल, ते सोसता येईल. नुसतं आपलं सांगायचं माझ्यानं सोळा वर्षांत झालं नव्हतं.

पोरींची सीईटी तोंडावर होती, त्यामुळं शनिवार-रविवार अक्काला हलता आलं नाही. मंगळवारी जाऊ म्हणालो, तर सोमवारीच पिक्चर उतरला. मी टॉकीजवाल्याशी जाऊन भांडलो. तो म्हणाला, काका, सात माणसं होती खेळाला, आणि त्यातली दोन झोपायला आलेली. मी म्हणालो, तुझ्या बापानं आमच्या काळात पंचवीस आठवडे चालवला असता. तो म्हणाला, मग चालवायचा होता. बरोबर होतं त्याचं. नांदेडला लागलाय एवढं त्यानं सांगितलं.

गुरुवारी अक्कानं मेसला सुट्टी दिली. सोळा वर्षांतली पहिली. कपाळाला भस्म लावलं, इरकल लुगडं नेसली, दशम्या बांधल्या आणि आम्ही पहाटेची गाडी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा. अक्का खिडकीशी बसली होती. मधेच म्हणाली, “मला दिसंल ना रे? चष्मा हाय, पण एकदम आली अन् गेली तर?” मी म्हणालो, आली की मी हाताला धरीन तुझ्या.

बाराचा खेळ. आत आम्ही धरून अकरा माणसं. दिवे गेले आणि सुरुवातीलाच जुना पिक्चर दाखवायला लागले, मागची गोष्ट आठवावी म्हणून. रंग उडून सगळं गुलाबी पडलं होतं. खविसाच्या पोरीचं लगीन झालं. जावई पळाला. मग गावाची वेस आली. अक्काचं गाव! चावडी, चिंच, पाटलाच्या वाड्याचा बुरूज. अक्का पुढं सरकून बसली. पंगत बसायला लागली. पत्रावळ्या मांडल्या, सरपंच बसला, पाटलाची म्हातारी बसली. एक वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन रांगेच्या टोकाशी आला आणि वाकला. मी अक्काचा हात धरला.

आणि कोपऱ्यात फुली आली.

डोळा लवतो तेवढीच. अकरा माणसांत ती कुणाला दिसली नसंल, दिसली तरी कचरा वाटला असंल. लगेच झटका बसला, वाढपी गायब, आणि खवीस चिंचेवर बसून ढेकर देतोय. माझी फुली. माझा जोड. म्हणजे साऱ्या मुलखात एकच प्रिंट शिल्लक राहिली होती, आणि ती आमची होती.

माझ्या आत त्या वेळी काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. मी हात धरूनच होतो. अक्का म्हणाली, “आली का?” मी म्हणालो, अजून न्हाई.

मग नवा पिक्चर सुरू झाला. त्याचं काय सांगू. जावई म्हातारा झालेला, त्याच्या पोराला कोचिंगला घातलेलं, खवीस कॉम्प्युटरवर बनवलेला, हिरवा आणि गुळगुळीत. पहिला खवीस भाकरीत मिरची घालून खायचा, हा इंग्रजीत शिंकतो. पुढच्या रांगेतला एक माणूस जांभई देऊन उठून गेला. इंटरवलनंतर ती कधीही न दाखवलेली पंगत आली. ती मुंबईत नव्यानं काढलेली होती. प्लास्टिकच्या ताटल्या, सगळ्या बायका एकाच रंगाच्या नऊवारीत, आणि पुढं एक गोरी पोरगी खविसाकडं बघून हसतेय. अक्कानं माझा हात दाबला. “ही का?” मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, “न्हाई. ही न्हाई. हिला हसता येत न्हाई.”

तरी ती शेवटपर्यंत बसली. नावं सरकायला लागली, झाडणारा आला, तरी बसून. “आता कदाचित लागंल,” म्हणाली. मी बसू दिलं. पडदा पांढरा झाल्यावर तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, डबीत ठेवला आणि उठली. बाहेर रणरणतं ऊन होतं. स्टँडवर तिनं चहा नको म्हणलं, मीही घेतला नाही.

तीनची गाडी मिळाली. लोहा मागं पडलं. मी ठरवलं, आता सांगायचं. मंजू तर दिसली नाही, पण अक्का अजून कंपनीच्या नावानं वाट बघत बसणार, पुढं तिसरा भाग काढतील आणि ही परत लुगडं नेसून निघंल. हे मला बघवलं नसतं. मी म्हणालो, “अक्का, तुला एक सांगायचंय. त्या पंगतीचं.”

“थांब,” ती म्हणाली. “आधी माझं ऐक. तुला इचारीन इचारीन म्हणून कवापासून ऱ्हायलंय.”

ती खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. “गणपती उठायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. माझी दाढ अशी ठणकायली होती की भिंतीवर डोकं आपटावं. मंजू माळवदावर बसली होती उन्हात. डोळ्याला कायतरी लावून सूर्याकडं बघायली. मी खालून ओरडले, डोळे जातेल गं भवाने! तर म्हणती, अव्वा, ह्यात मी हाय. मी वर गेले अन् हिसकून घेतलं. काळी पट्टी, कडंला बारीक बारीक भोकं. मला काय दिसलं न्हाई त्यात, दाढेनं डोळ्याला धार लागलेली. म्हणलं, कुणी दिलं? म्हणती, सापडली. कुठं सापडली? तर गप. दोन धपाटे घातले. परत इचारलं. सापडली. तीनदा इचारलं मी, माणिक. तीनदा तेच. मला वाटलं, चोरून आणली असंल कुणाची, म्हणून सांगंना. मला अजून राग आला. खाली आले अन् चुलीत घातली. लई घाण वास सुटला घरभर.”

मी विचारलं, “रडली का?”

“न्हाई. चुलीपाशी बसली, गळ्याला अशी चिमटी धरून. रात्री जेवली न्हाई. मी म्हणलं, न जेव, माझ्यानं आज आग्रह व्हायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी मी लातूरला आले.”

गाडी चालू होती. कंडक्टर मागं कुणाशी तरी भांडत होता. मी पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसलो होतो. मामानं दिली, एवढं एकदा म्हणली असती तर अक्कानं पट्टी चुलीत घातली नसती. मी दिलेली वस्तू अक्का फेकत नाही, माझं चार आण्याचं खेळणंसुद्धा तिनं पेटीत ठेवलं होतं. पण पोरीनं धपाटे खाल्ले आणि माझी नोकरी राखली.

“तू त्या लाईनीतला माणूस,” अक्का म्हणाली. “टॉकीजातलीच होती ना रे ती पट्टी? काय होतं त्यात?” आता ती माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी टॉकीजच्या दारात बघत होती तशीच.

सोळा वर्षं जे तोंडाशी घेऊन फिरत होतो ते मी तिथं गिळलं. म्हणालो, “असंल कुठली तरी वाया गेलेली पट्टी. खेळ सुटला की पोरं वेचून न्यायची तसल्या. झाडं असतेत त्यात, डोंगर असतेत. गाडी चाललेली असती.”

“माणसं नसतेत?”

“न्हाई.”

“मग ती ‘ह्यात मी हाय’ का म्हणायली असंल?”

“लेकरू होतं, अक्का. लेकरं म्हणतेत कायपण.”

मग तिनं मांडीवरचं गाठोडं सोडलं, तोंडातल्या तोंडात “महादेवा” म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले. “मला आपलं वाटायचं,” एवढं बोलून ती थांबली. काय वाटायचं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अहमदपूरला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. गाडी सुटल्यावर तिनं एक दशमी मला दिली.

“तू काय सांगायला होतास? पंगतीचं कायतरी.”

“काय न्हाई,” मी म्हणालो. “पिक्चर लई बंडल होता, असं म्हणत होतो.”

“व्हय रे,” अक्का म्हणाली. “पहिला चांगला होता.”

माझी दशमी संपली होती. तिनं दुसरी काढली आणि न विचारता माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.